पोळ्यापासून पोळ्यापर्यंत

२०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता. आदल्या रात्री घरात खांदमळणी चालली होती आणि मी ओसरीवर शेवटची झूल शिवत होते. शेजारच्या बैलजोडीची होती, लाल कापडावर पिवळ्या पट्ट्या आणि कडेला गोंडे. टेप हातात घ्यायची गरजच पडली नाही. वशिंडापासून शेपटीपर्यंत किती, पोटावरून खाली किती सोडायचं, सगळं पाठ होतं. झूल संपली, दोरा तोडला आणि दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी मापांची वही उघडली. अकरा वर्षांची वही ती. गावातल्या लेकी-सुना, शाळेत जाणाऱ्या पोरी, बाहेरगावी दिलेल्या नणंदा, सगळ्यांची मापं त्यात आहेत. पानं उलटता उलटता लक्षात आलं की माझं माप त्यात कुठेच नाही.

त्याच रात्री वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: पुढच्या पोळ्यापर्यंत माझ्यासाठी चार ड्रेस आणि दोन गोधड्या. त्यातला एक ड्रेस पूर्ण हातशिलाईचा.

२०२५ चा पोळा २२ ऑगस्टला झाला. आज ते पान समोर ठेवून बसले आहे. हिशेब आधीच सांगून टाकते: तीन ड्रेस झाले, एक गोधडी झाली, दुसरी अर्ध्यावर आहे. पण या वर्षात जे कळलं ते या आकड्यांत मावत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव जामसांवली म्हटलं की लोकांना पिंपळाखालचे निजलेले हनुमान आठवतात. मंगळवारी आणि शनिवारी नागपूर-छिंदवाड्याकडून गाड्यांची रांग लागते. २४ ऑगस्ट २०२३ ला इथेच हनुमान लोक या देवस्थान-प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, त्याच दिवशी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरात आमचा पत्ता छिंदवाड्याहून पांढुर्ण्यावर आला. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. तेव्हापासून कागद हिंदीत आणि घर मराठीत, असा आमचा संसार आहे. माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं ‘सिलाई किती?’ असं विचारतात आणि पुढच्याच वाक्यात ‘बाही जराशी आखूड ठेवजो’ म्हणतात.

कापडाची मात्र इथे कधीच वाण नव्हती. काळ्या जमिनीत कपाशी, तिच्या शेजारी संत्र्याच्या बागा. सौंसरजवळ बोरगावला रेमंडचा सुटिंगचा कारखाना. तिकडे नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि सव्वाशे वर्षं चालली. त्या मिलच्या कापडाचं नाव माझी आजी आदरानं घ्यायची. कपाशीचं शेत एका टोकाला, गिरणी दुसऱ्या टोकाला, आणि या दोन्हींच्या मधे शिवणारे हात. ते हात बहुतेक बायकांचे, आणि ते दुसऱ्यासाठीच चालायचे.

पहिले तीन महिने पानावरचं एकही काम झालं नाही. पोळा सरला की महालक्ष्म्या येतात, मग नवरात्र, मग दिवाळी. ब्लाऊज, फॉल, अस्तर, पिको. रात्री बारापर्यंत मशीन चालायची आणि सकाळी पुन्हा कुणीतरी दारात उभी असायची. त्या दिवसांत एकच गोष्ट केली. सरकारच्या लाडली बहना योजनेचे दर महिन्याचे १२५० रुपये घरात जायचे, त्यातले दोनशे मी पिठाच्या डब्यामागे ठेवायला लागले. दिवाळीनंतर नागपूरला गेले आणि गांधीबागेच्या कापडबाजारातून तीन ड्रेसचं सुती कापड आणलं. दुसऱ्यांसाठी कापड निवडायला मला दोन मिनिटं लागतात. स्वतःसाठी निवडायला त्या दिवशी दुपार गेली.

डिसेंबरात पहिला ड्रेस कापला. आपलं माप आपल्याला घेता येत नाही. टेप पाठीमागे वर सरकते, खांदे आपसूक ताठ होतात. माप मुलीनं घेतलं. मी आकडे सांगत नव्हते, ती सांगत होती आणि मी लिहून घेत होते. पण कापताना मी त्या आकड्यांवर विश्वास ठेवला नाही. जुना, अंगावर बसलेला ड्रेस कापडावर टाकला आणि खडू फिरवला. जुन्या ड्रेसचा मुंढा खोल होता, नव्याचाही तसाच झाला. घालून दोरीवर कपडे वाळत टाकायला हात वर केला तर अख्खा ड्रेस कमरेपासून वर ओढला गेला.

शिवणाऱ्या प्रत्येकीनं हे लक्षात ठेवावं. काखेत घट्ट वाटतं म्हणून मुंढा खाली कापला की मोकळं होत नाही, उलट हात बांधला जातो. मुंढा आटोपशीर ठेवायचा आणि बाहीचा वरचा गोल थोडा बसका, थोडा रुंद करायचा, म्हणजे हाताला जागा मिळते. हे मी गिऱ्हाइकांना सांगते. स्वतःच्या अंगावर येईपर्यंत मला ते उमजलं नव्हतं.

उपाय सापडला वडिलांच्या सदऱ्यात. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचे कपडे मी माहेराहून एका गाठोड्यात आणून ठेवले होते. सदरा उलटा करून पाहिला तर काखेत चौकोनी कळी लावलेली. जुन्या शिंप्यांचं काम. चार बोटांचा तुकडा, टोकावर उभा लावलेला, आणि त्या एका तुकड्यामुळे माणूस डवरणी करो की संत्र्याच्या झाडावर चढो, शिवण कुठे तडकत नाही. मी माझा ड्रेस उसवला, काखेत तशीच कळी लावली. पहिला ड्रेस असा झाला. आज सगळ्यात जास्त तोच घालते.

दुसरा ड्रेस, सहा कळ्यांचा, फेब्रुवारीत झाला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कापड आधी रात्रभर पाण्यात टाकलं, वाळवलं, मग कापलं. माप मुलीनं घेतलेलंच धरलं. तो पहिल्याच झटक्यात बसला.

१२ एप्रिलला हनुमान जयंती झाली. शनिवार आला होता, गाव माणसांनी भरलं होतं, घरात पाहुणे होते. तो आठवडा गेला आणि शेतं रिकामी झाली. आमच्याकडे गोधड्या उन्हाळ्यातच शिवतात. कपडे धुऊन कडक वाळतात, अंगणात जागा असते आणि पाऊस यायच्या आत घडी कपाटात जाते.

पहिल्या गोधडीसाठी माझी सहा जुनी पातळं काढली. शेजारच्या आजी दुपारी येऊन बसायच्या. त्यांच्या हातच्या गोधड्या गावातल्या निम्म्या घरांत असतील. अंगण सारवून घेतलं, खाली एक पातळ अंथरलं, चारी टोकांना दगड ठेवले. त्यावर जुन्या चादरीचे थर, फाटलेल्या जागी दुसरा तुकडा, वर पुन्हा पातळ. लांब लांब कच्चे टाके घालून सगळं धरून ठेवलं. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात आत आत जात राहायचं, मधोमध येईपर्यंत. दोऱ्याला मेण लावायचं, म्हणजे तो गुंतत नाही. सुई वरून खाली टोचायची नाही, कापडच सुईवर घ्यायचं, एका वेळी चार-पाच टाके.

मी मशीनवाली. टाके भराभर घालत होते आणि ओळ ओढली जात होती. आजींनी माझा हात धरला. ‘कापडाले ओढू नोको, पोरी. आपुन थांबलो का ते आपसूक सरकते.’ मी दोन ओळी उसवल्या आणि पुन्हा घातल्या. त्या दिवशी पहिल्यांदा टाक्यांचा आवाज ऐकू आला, थरांतून सुई निघताना होतो तो बारीक आवाज.

गोधडीची लाज वाटायचे दिवस मी पाहिले आहेत. पाहुणे आले की गोधड्या आत ढकलायच्या आणि बाजारचं ब्लँकेट काढायचं. खरं तर हातात खराटा आणि अंगावर चिंध्यांचं पांघरूण घेऊन गावंच्या गावं झाडणारे गाडगेबाबा आमच्या शेजारच्याच वऱ्हाडच्या मातीतले. ज्या वेशाला लोकांनी हात जोडले, तो वेश चिंध्या जोडूनच झालेला होता. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर आणि त्या शिवणाऱ्या बायकांवर एक मोठं पुस्तक केलं, ते २०१३ साली फ्रान्समधून निघालं. जे आपण पाहुण्यांपासून लपवत होतो, ते परदेशात पाहण्यासारखं ठरलं. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी, बंगालची कांथा, या आपल्या गोधडीच्याच बहिणी आहेत.

मेच्या शेवटी पहिली गोधडी झाली. ती मी कुणाला दिली नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी ठेव, असं सगळ्यांनी सांगितलं. ठेवेन, त्या वेळी दुसरी शिवेन. ही माझी आहे.

दुसरी गोधडी वडिलांच्या कपड्यांची. दोन धोतरं, तीन सदरे, एक बंडी, एक दुपट्टा. जूनमध्ये मी त्या कपड्यांना कात्री लावायला बसले आणि तीन दिवस लावू शकले नाही. त्या दिवसांत मुलीनं फोनवर एक गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं कापूस पिकवणारं गाव आहे. तिथे १९४२ साली मिसुरी पेटवे या बाईनं नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी, आणि ती अंगावर घेता यावी. ज्यांच्या घरची अशी पांघरुणं गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली, त्या बायकांच्या गोधड्या पुढे २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या. इतक्या दूरची, कपाशीच्याच शेतातली बाई, आणि तिला जे सुचलं तेच मला सुचलं होतं. चौथ्या दिवशी कात्री चालली.

बंडी उसवताना आतल्या खिशाच्या शिवणीत सरकीचे दोन दाणे सापडले. वेचणी करून आले की वडील बोंडातली सरकी दातानं दाबून पाहायचे, वाण ओळखायचे आणि उरलेली खिशात टाकायचे. मी तो खिसा तसाच काढून गोधडीच्या मधोमध लावला. दाणे आत ठेवले आणि तोंड शिवून टाकलं. आता कडेपासून धावदोरा घालत आत चालले आहे. निम्मं अंतर झालं आहे. मुद्दामच घाई करत नाही.

जुलै-ऑगस्टच्या पावसात वीज जायची, तेव्हा तिसरा ड्रेस झाला, पूर्ण हातशिलाईचा. माझी मशीन पायाची आहे, तिला वीज लागत नाही, पण मला हातानंच शिवून पाहायचं होतं. मशीनशी माझं वैर नाही, तिनं माझं घर चालवलं आहे. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. आपली बायको टाके घालताना शिणते हे सिंगरनं पाहिलं आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून यंत्र केलं, ही कथा त्यांनी कौतुकानं सांगितली होती. १८५१ साली सिंगरला त्या यंत्राचं पेटंट मिळालं. तेव्हापासून कष्ट वाचले हे खरंच. पण वाचलेला वेळ पुन्हा दुसऱ्याच्याच कामात गेला, निदान माझ्या आईचा तरी.

हातशिलाईला खांद्याच्या आणि काखेच्या शिवणी उलट्या टीपेनं घातल्या, कारण ताण तिथे येतो. घेराला तुरपाई, गळ्याला तिरक्या कापडाची पट्टी. दाब दोन्हीकडून दुमडून आत घेतला, म्हणजे ड्रेस उलटा केला तरी एक धागा बाहेर दिसत नाही. एक्केचाळीस संध्याकाळी लागल्या. पोळ्याच्या दिवशी तो घातला. बैल ओवाळायला हात वर केला आणि ड्रेस जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होती. गावातली पोरं तिकडे गेली, मी घरी बसून पुढच्या वर्षाचं पान लिहिलं.

चौथ्या ड्रेसचं कापड मी घेतलंच नाही. दिवाळीत तीनच ड्रेसचे पैसे जमले होते, आणि नंतर साठलेले मुलीच्या फीला गेले. त्याचं दुःख नाही. मात्र तो ड्रेस मी रद्द केलेला नाही, नव्या पानावर पहिल्या ओळीत आहे.

या वर्षाचा निकाल एवढाच: स्वतःसाठी शिवलं म्हणून कुणाचं काही अडलं नाही. दिवाळीची सगळी गिऱ्हाइकं वेळेवर गेली, घर चाललं, झुली झाल्या. अकरा वर्षं मला वाटत होतं की माझ्यासाठी वेळ काढला तर काहीतरी उसवेल. काहीच उसवलं नाही. उलट माझ्या अंगावर चूक कळली म्हणून आता गिऱ्हाइकांचा मुंढाही मी नीट कापते.

तुमच्या घरात कुणी शिवत असेल, आई, सासू, बहीण, मावशी, तर आज तिला उभं करा, टेप हातात घ्या आणि तिचं माप तुम्ही घ्या. ते तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. कपडा कधी शिवायचा ते तिचं ती ठरवेल.

माझ्या वहीत आता पहिल्या पानावर माझं माप आहे.