जुन्या सॅम्पलरची साठवण : फ्लॉपीकडून मेमरी कार्डाकडे

प्रस्तावना

मुलुंडचे महाकवी कालिदास नाट्यमंदिर, विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह किंवा बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह येथे वाद्यवृंदाचे कार्यक्रम पाहिलेल्या रसिकांना कीबोर्डवादकाशेजारील मांडणीवर ठेवलेली एक काळी अथवा करड्या रंगाची पेटी आठवत असेल. ही पेटी म्हणजे सॅम्पलर. सिंथेसायझर स्वतः ध्वनी निर्माण करतो. सॅम्पलर मात्र प्रत्यक्ष वाद्याचा ध्वनिमुद्रित नमुना साठवून ठेवतो आणि पट्टी दाबताच तो हव्या त्या स्वरात वाजवतो. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेले फेअरलाइट हे या प्रकारातील आरंभीचे यंत्र अत्यंत महाग होते. सामान्य वादकाच्या आवाक्यात ही कल्पना आली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. अकाई कंपनीचे एस ९०० (१९८६), एस १००० (१९८८) व पुढे एस २००० (१९९५) ही त्यातील परिचित नावे होत.

परदेशी कंपन्यांनी पुरविलेल्या ध्वनिसंग्रहात व्हायोलिन व ट्रम्पेट विपुल असत. ढोलकी, संबळ, तुतारी क्वचितच. त्यामुळे आपल्याकडील वादकांनी हे नमुने स्वतः ध्वनिमुद्रित केले आणि फ्लॉपीवर जतन केले. अशा नमुन्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. प्रस्तुत लेखात या यंत्रांची साठवण आधुनिक कशी करावी याचे विवेचन केले आहे; परंतु त्याआधी काय करावे, यावर अधिक भर दिला आहे.

या विवेचनाला निमित्त झाले ते मुलुंडमधील एका ज्येष्ठ कीबोर्डवादकांच्या एस २००० चे. त्यांच्याजवळ चाळीस फ्लॉप्यांची एक पेटी होती. दुसरी पेटी २६ जुलै २००५ च्या महापुरात, सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला त्या दिवशी, तळमजल्यावरील खोलीत भिजून गेली. उरलेल्या पेटीत त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या ढोलकीचे बोल होते. तो ढोलकीवादक आज हयात नाही. ‘‘सर, एखादी मोठी हार्ड डिस्क बसवून द्या,’’ एवढीच त्यांची मागणी होती.

यंत्राची दुहेरी स्मृती

सॅम्पलरमध्ये दोन प्रकारची स्मृती असते. वाजवावयाचा नमुना रॅममध्ये असावा लागतो आणि वीज जाताच रॅम रिकामी होते. म्हणून प्रत्येक कार्यक्रमापूर्वी तो फ्लॉपीवरून पुन्हा चढवावा लागतो. ‘क्षमता वाढवणे’ या एकाच शब्दप्रयोगात या दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते. एस २००० मध्ये मूळ २ मेगाबाइट रॅम असून ७२ पिनांच्या पट्ट्या बसवून ती ३२ मेगाबाइटपर्यंत नेता येते. त्याहून मोठी पट्टी बसविल्यास उपयोग नाही. तेवढ्या स्मृतीचे पत्ते हाताळण्याची यंत्राची रचनाच नाही.

आता थोडा हिशोब पाहू. सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेल्या १६ बिटांच्या एकेरी ध्वनीला सेकंदास ८८,२०० बाइट लागतात. अकाईच्या उच्च घनतेच्या फ्लॉपीवर १६,३८,४०० बाइट मावतात, म्हणजे जेमतेम साडेअठरा सेकंदांचा ध्वनी. ३२ मेगाबाइट रॅम पूर्ण भरावयाची तर एकवीस फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागतील. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते. त्या वेगाने एक फ्लॉपी वाचण्यास किमान अर्धा मिनिट आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ लागतो. मध्यंतराच्या दहा मिनिटांत हे उरकणे कठीणच. त्यामुळे वादकांना हार्ड डिस्कची ओढ वाटणे स्वाभाविक होते.

नवे साधन, जुने सोंग

जुन्या यंत्राला नवे साधन ओळखता येत नाही. म्हणून नव्या साधनाला जुन्याचे सोंग घ्यावे लागते. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारे गोटेक हे यंत्र मुख्यतः भरतकामाच्या व कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रांसाठी बाजारात आले. ते ३४ पिनांच्या त्याच पट्टीला जोडले जाते आणि यूएसबी पेनड्राइव्हवरील प्रतिमा-फाइल ही फ्लॉपीच आहे असे सॅम्पलरला भासवते. कीर फ्रेझर यांची फ्लॅशफ्लॉपी ही मुक्त प्रणाली त्यात घातल्यास अकाईच्या फ्लॉपीची रचनाही त्याला समजते. तरीही ही फ्लॉपीच राहते; वेग व मर्यादा जुन्याच.

दुसरा मार्ग स्कझी जोडणीचा. एस २००० ला ही जोडणी उपलब्ध आहे. पूर्वी तेथे बाह्य हार्ड डिस्क किंवा १९९४ मध्ये आलेला १०० मेगाबाइटचा झिप ड्राइव्ह जोडत. आज स्कझी२एसडी, ब्लूस्कझी, झुलूस्कझी यांसारखे फलक एसडी कार्डाला हार्ड डिस्कचे रूप देतात. प्रत्येक उपकरणाला शून्य ते सात यांपैकी स्वतंत्र क्रमांक हवा आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन हवे. डिस्क दिसत नसेल तर फलकाला दोष देण्याआधी हे दोन मुद्दे तपासावेत. कार्डाचे फॉरमॅटिंग सॅम्पलरकडूनच करून घ्यावे. अकाई यंत्र डिस्कचे ६० मेगाबाइटपर्यंतचे विभाग पाडते. त्यामुळे ६४ गिगाबाइटचे कार्ड घेऊन मिरवण्यात अर्थ नाही. आमच्या स्नेह्यांच्या चाळीस फ्लॉप्या काठोकाठ भरलेल्या असत्या तरी सारा ऐवज सुमारे साडेपासष्ट मेगाबाइटच भरला असता. आयुष्यभराचे नमुने दोन विभागांत मावतात!

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे हाताने वाजवावयाच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक पॅडला सरसकट ‘ऑक्टोपॅड’ म्हणतात. रोलँडच्या एसपीडी-२० मधील ध्वनी कारखान्यातच भरलेले असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. २००३ च्या एसपीडी-एस मध्ये मात्र स्वतःचे नमुने साठविता येतात. साठवण वाढविण्यासाठी त्यात कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घालता येते आणि तेही ५१२ मेगाबाइटपर्यंतचेच चालते. अशी लहान कार्डे आता नवी मिळणे दुर्मीळ झाले असल्याने लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात शोधावी लागतात.

आधी प्रत, मग बदल

सोनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबविली. म्हणजे आज हातात असलेली फ्लॉपी जुनीच असणार. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत तिच्या चुंबकीय थरावर बुरशी धरते. अशी फ्लॉपी ‘चालते का पाहू’ म्हणून ड्राइव्हमध्ये सरकवणे ही सर्वांत मोठी चूक होय. वाचणारे शीर्ष बुरशीसह थरही खरवडते आणि तीच घाण पुढच्या फ्लॉपीवर नेते. फ्लॉपी प्रथम सिलिका जेलसह बंद डब्यात काही दिवस कोरडी करावी, झडप सरकवून तबकडी पाहावी, डाग असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने अलगद पुसावी. शीर्षही वरचेवर स्वच्छ करावे.

प्रत घेण्यासाठी बाजारातील यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह सहसा कामाचा नाही. संगणकाच्या फ्लॉपीवर एका मार्गिकेत ५१२ बाइटांचे अठरा सेक्टर असतात, तर अकाईच्या फ्लॉपीवर १,०२४ बाइटांचे दहा. म्हणून आम्ही संगणकाचा जुना ३४ पिनांचा ड्राइव्ह ग्रीसवीझल या छोट्या फलकाला जोडला. हा फलक फ्लॉपीवरील चुंबकीय बदलांचीच नोंद घेतो; अर्थ लावण्याचे काम नंतर संगणकावर, हवे तितक्या वेळा करता येते.

चाळीसपैकी एकतीस फ्लॉप्या संपूर्ण वाचता आल्या, सहा अंशतः, तिघींनी दाद दिली नाही. अंशतः वाचलेल्या फ्लॉपीचेही मोल असते. एक सेक्टर गेला तर एकेरी ध्वनीचे ५१२ नमुनांक, म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांच्या आसपासचा तुकडा जातो. कानाला ‘टक्’ असे जाणवते. शेजारच्या लहरीवरून तो सांधता येतो. तो तुकडा बोलाच्या आरंभीच्या आघातात असेल तर मात्र सांधलेला बोल खोटा वाटतो. आणि फ्लॉपीच्या प्रारंभीचा, फाइलींच्या नोंदीचा भाग गेला तर ध्वनी शाबूत असूनही तो कोठे सुरू होतो ते हाताने शोधावे लागते.

एवढे झाल्यावरच यंत्र उघडले. वीज बंद केल्यावरही पुरवठा विभागातील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो, हे विसरून चालत नाही. शिवाय परदेशातून आणलेले यंत्र १०० किंवा १२० व्होल्टचे असू शकते. आपल्या २३० व्होल्टला लावण्यापूर्वी मागील पट्टी वाचावी.

ढोलकीचे बोल तीन फ्लॉप्यांवर विखुरलेले होते. शाईच्या बाजूची थाप आणि चाट निर्दोष मिळाली. घुमाऱ्याच्या फ्लॉपीतील दोन मार्गिका अद्याप वाचता आलेल्या नाहीत. त्या जागा शांततेने भरून तो नमुना कार्डावर ठेवला आहे. आमच्या स्नेह्यांनी तो एकदा वाजवून पाहिला, थांबले आणि म्हणाले, ‘‘एवढा राहू द्या, सांधू नका.’’ मूळ फ्लॉपी सिलिका जेलसह डबाबंद करून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ठेवली आहे. पावसाळा संपल्यावर ती दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा वाचून पाहावयाची आहे.