तसबिरीचा घोटाळा

गोविंद बल्लाळ देवलांनी 1893 साली ‘फाल्गुनराव’ हे गद्य प्रहसन लिहिले. त्याचे मूळ आर्थर मर्फीच्या 1761 च्या इंग्रजी सुखान्तिकेत होते आणि तिची मुळे मोलियरच्या 1660 च्या प्रहसनात. एका तसबिरीवरून नवरा-बायकोत संशय माजतो, एवढेच कथानक.

देवलांचे खरे कौशल्य रूपांतरात दिसते. पुरुषांना महिन्यांची नावे मिळाली: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या; स्त्रियांना नक्षत्रांची: कृत्तिका, रेवती. त्या काळच्या मराठी कुलीन घरात लग्नाआधीचे प्रेम पटण्याजोगे नव्हते, म्हणून रेवती नायकिणीची मुलगी झाली. या एका बदलाने परकी गोष्ट पुरती घरची झाली.

पुढे पदे घालून ‘संशयकल्लोळ’ तयार झाले. गंधर्व नाटक मंडळीने ते 1916 मध्ये रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी वारले.