पोळ्याचा नियम कुत्र्यालाही

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वागवलेला खांदा हळद-तुपाने चोळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत. रंगवलेली शिंगं, झूल, मिरवणूक ही हौस माणसांची. सणाच्या मुळाशी मात्र बैलाच्या अंगाला काय हवं याचा विचार आहे. नेपाळात आपल्या नरक चतुर्दशीच्या सुमारास कुकुर तिहार असतो, त्या दिवशी कुत्र्याला टिळा लावून, झेंडूची माळ घालून आवडीचं खाऊ घालतात. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री असली, तरी कुत्र्याचा असा सण नाही. आता फ्लॅटमधला कुत्रा घरचा माणूस झाला आहे, म्हणून त्याला दिवाळीत सामील करायची धडपड चालते. त्याला जरीचा कुर्ता घालतात, निरांजनाने ओवाळतात, फुलबाजीशेजारी बसवून फोटो काढतात. यातलं जवळजवळ सगळं आपल्यासाठी असतं. कुत्र्याला दिवाळीत घ्यायचंच, तर पोळ्याचा नियम लावावा: त्याच्या अंगाला मानवेल तेवढाच सण त्याचा.

आधी आवाजाचं पाहू. माणसाला 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला साधारण 45,000 पर्यंत. शिवाय हा धमाका कशाचा आणि तो कधी थांबणार, हे त्याला कळायला मार्ग नाही. 1999 च्या नियमाप्रमाणे फटाका फुटतो तिथून 4 मीटरवर आवाज 125 डेसिबलच्या वर जाऊ नये. म्हणजे कायदा पाळून फुटलेला फटाकाही कानाला सुखाचा नसतो. हरित फटाक्यांवर फार भिस्त ठेवू नये. नागपूरच्या नीरी संस्थेचं ते काम मुख्यतः धूर आणि घातक घटक कमी करण्यासाठी होतं, ते फटाके मुके नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजी फटाक्यांना मनाई केली आणि 2018 मध्ये दिवाळीसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ नेमून दिली. ती किती पाळली जाते हे वाचकांना ठाऊक आहे. परदेशी पुस्तकांतला सल्ला बहुधा एका रात्रीच्या आतषबाजीपुरता असतो. आपली दिवाळी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत चालते आणि नरक चतुर्दशीला पहाटेच फटाके सुरू होतात. म्हणून संध्याकाळची फेरी अंधार पडायच्या आत आणि सकाळची आवाज ओसरल्यावर काढावी, दोन्ही वेळा पट्टा हातात ठेवूनच. बिथरलेलं कुत्रं दिसेल त्या वाटेने पळत सुटतं, तेव्हा गळपट्ट्यावर फोन नंबर असलेला बिल्लाच कामी येतो.

‘राहू दे बाहेर, होईल सवय,’ असं अनुभवी माणसंही सांगतात. सवय होते, पण आवाज इतका हळू असेल की कुत्रं घाबरणारच नाही, तेव्हा. घाबरवणारा आवाज पुन्हा पुन्हा कानी पडला तर अनेक कुत्र्यांची भीती दरवर्षी वाढत जाते. फटाक्यांचं ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावून सोबत खाऊ देण्याचा सराव करता येतो, पण तो काही महिने आधी सुरू करायचा असतो. दुसरा समज असा की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याची भीती वाढते. भीती ही काही शिकवलेली करामत नव्हे, की शाबासकी दिली म्हणून ते पुन्हा करून दाखवील. बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, धमाका होताच खाऊ किंवा खेळ देणाऱ्या मालकांपैकी 70 टक्क्यांहून अधिकांनी फायदा झाल्याचं सांगितलं. ही मालकांची मतं आहेत, मोजमाप नव्हे. तरी ‘दुर्लक्ष करा’ या सल्ल्याच्या बाजूने एवढंही सापडत नाही. दारं-खिडक्या लावलेली आतली खोली, पडदे, पंख्याचा किंवा टीव्हीचा आवाज आणि घरातलं एक माणूस सोबतीला, इतकं केलं तरी पुष्कळ झालं.

फराळाच्या बाबतीत घरचे लोकच बेसावध असतात. बेसनलाडवावर लावलेला बेदाणा दिसायला निरुपद्रवी, पण द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. किती खाल्ल्यावर तसं होईल हे आधी सांगता येत नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा तळलेल्या लसणाचा चिवडा वर्ज्य. चकली-शंकरपाळ्यांतल्या तेला-तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. भेटीदाखल आलेल्या डब्यातलं चॉकलेट तर उंचावरच ठेवावं: 10 किलोच्या कुत्र्याला 100 ग्रॅम कडू चॉकलेट जिवावर बेतू शकतं. ‘गावाकडची कुत्री काहीही खातात आणि ठणठणीत असतात,’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यात जी वाचली तीच मोजलेली असतात, मेलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. कुत्र्याच्या वाटणीला मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा साधा भात ठेवा. तो ते अनारशापेक्षा कमी आवडीने खाणार नाही.

पणत्या शेपटीच्या टप्प्याबाहेर, कंदिलाच्या वायरी चावता येणार नाहीत अशा, आणि अंगणातल्या न फुटलेल्या फटाक्यांचा केर लगेच उचललेला, एवढं पुरे. त्यापेक्षा भाऊबीजेच्या पाहुण्यांकडे जास्त लक्ष हवं. अनोळखी मूल गळ्यात पडलं की कुत्रं तोंड फिरवतं, ओठ चाटतं, जांभई देतं. ही नापसंती ओळखून मुलाला बाजूला घेणं मोठ्यांचं काम आहे.

‘कुत्र्यासाठी माणसांनी सण सोडायचा का?’ असा प्रश्न येतोच. सोडायचा नाही. उटणं, रांगोळी, पंगत, गाणी यांतलं काहीच त्याच्या आड येत नाही. आड येतो तो फक्त धमाका, आणि तो घरातल्या तान्ह्या बाळाला नि आजारी आजोबांनाही नको असतो. हा अंक हाती पडेल तेव्हा वसुबारसेला अजून अवकाश असेल. तुमचं कुत्रं फटाक्यांनी थरथरत असेल, तर आत्ताच पशुवैद्याकडे जा. नुसती गुंगी आणणारी औषधं आणि भीती कमी करणारी औषधं वेगळी असतात, हे त्यांच्याकडून समजून घ्या. त्यांनी गोळी दिलीच, तर ती त्यांना विचारून एखाद्या शांत दिवशी देऊन पाहा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिला प्रयोग करू नका.