अमावास्येची ड्युटी

दुपारी 2.00 बदलापूर. आज पौष अमावास्या. पौषात लग्नं निघत नाहीत आणि अमावास्येला कुणी मुहूर्त धरत नाही. म्हणून लग्नाचे फोटो काढणाऱ्या या तिशीतल्या गड्याचा कॅमेरा रिकामा आहे. सीझनमध्ये त्याला दिवसाचे साडेतीन हजार मिळतात. पण अमावास्येला आकाशात चंद्र नसतो, म्हणून आजची कमाई दुर्बिणीवर. कॅननच्या बॉडीची लेन्स तो काढतो, तोंड खाली करून रबरी फुग्यानं आत हवा मारतो. हळदीच्या कार्यक्रमातली पिवळी भुकटी सेन्सरवर बसलेली असते. तोंडानं तो कधी फुंकत नाही. थुंकीचा एक कण बसला तर सफाईला पाचशे रुपये जातात.

4.15 छोटा हत्ती टेम्पो दारात येतो. वांगणीच्या पुढच्या शेतापर्यंत चारशे, यायचे चारशे. तिवई, मोटरवाला माउंट, पाच-पाच किलोची दोन वजनं, 12 व्होल्टची बॅटरी. 80 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण मात्र तो मांडीवर घेऊन बसतो.

5.30 शेतमालक आठशे घेतो. त्यात खाट आणि संडास आला. जागा फोटोवाल्यानं उत्तर मोकळी बघून निवडली आहे. इथून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर असतो. एक आंब्याचं झाड मधे आलं तरी काम अडतं.

6.10 आता खरं काम. उजेड आहे तोवर कॅमेरा दुर्बिणीला जोडायचा. लेन्सच्या जागी टी-रिंग बसते. एका बाजूला कॅननची खाच, दुसऱ्या बाजूला 42 मिलिमीटरचे आटे. ‘टक’ आवाज येईपर्यंत तो ती फिरवतो. मग फ्लॅटनर, म्हणजे कडेचे तारे ताणले जाऊ नयेत म्हणून लावायचं भिंग. या फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंतचं अंतर 55 मिलिमीटर हवं. कॅननच्या बॉडीत सेन्सर तोंडापासून 44 मिलिमीटर आत असतो आणि रिंग 11 मिलिमीटरची. हिशेब जुळला. आटे तो आधी उलटे फिरवतो, खट्‌कन बसले की मगच सुलटे. ॲल्युमिनियमचे आटे एकदा वाकडे चढले की रिंग गेली. नऊशे रुपयांची आहे.

कॅमेरा लागला की मागची बाजू जड होते. नळी तो कड्यांत बोटभर पुढे सरकवतो, कुलूप ढिलं करून हात सोडतो. नळी जागची हलत नाही. तोल जमला.

7.00 कर्जत लोकलनं आकाशाचे फोटो काढायला दोन गिऱ्हाइकं येतात. माणशी अठराशे. एक कॉलेजची मुलगी, एक बँकेतले काका. मुलीकडे कॅमेरा नाही, ती कॅननवर काढणार. काकांनी स्वतःचा मिररलेस सोनी आणलाय. “दादा, हा लागेल ना?” “लागेल काका. तुमचा सेन्सर 18 मिलिमीटरवरच आहे, रिंग 37 ची लागते. आहे माझ्याकडे.”

7.40 पूर्ण अंधार. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. माउंटनं तेवढंच उलट फिरायचं. त्यासाठी त्याचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. तो मातीत गुडघे टेकून, मान वाकडी करून लहान नळीतून बघतो आणि दोन स्क्रू पाव-पाव आटा फिरवतो. यात वीस मिनिटं जातात.

8.05 फोकस. रशियाच्या पावेल बाख्तिनोव्ह यांनी 2005 मध्ये सुचवलेली जाळी तो भिंगापुढे लावतो. ही त्यानं नंबरप्लेट बनवणाऱ्याकडून काळ्या ॲक्रिलिकमध्ये कापून घेतली, अडीचशेत. दुर्बीण व्याधावर. स्क्रीनवर ताऱ्याच्या तीन रेघा उमटतात. फुली पडलेल्या दोन रेघांच्या बरोबर मधे तिसरी आली की फोकस झाला. मुलगी स्वतः नॉब फिरवते. एक केसभर जास्त. परत मागे. “बस, आता स्क्रू आवळ.”

8.20 मृगातला तेजोमेघ, एम 42. आयएसओ 800, एक-एक मिनिटाचं एक्स्पोजर. बटणाला बोट लागलं तरी नळी हलते, म्हणून तारेचा टायमर. मधला भाग फार तेजस्वी, तिथले चार तारे एका मिनिटात पांढरे फटक होतात. त्यांच्यासाठी पाच-पाच सेकंदांचे वीस वेगळे.

9.50 मृग मध्यावर आला. इथून पुढे नळी तिवईला धडकू शकते, म्हणून माउंट उलट्या बाजूला टाकायचा. त्याआधी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा कपडा आणि मुलांची एलईडी पाटी धरून तीस फोटो. सेन्सरवर उरलेल्या धुळीचे डाग यात दिसतात आणि नंतर काढून टाकता येतात. मग कॅनन उतरतो, काकांचा सोनी चढतो. ध्रुवाची जुळणी जागेवर आहे, फोकस पहिल्यापासून. उतरवलेल्या कॅननला झाकण लावून तो तिथेच थंडीत ठेवतो. सेन्सरचे स्वतःचे ठिपके वजा करायला लागणारे काळे फोटोही त्याच तापमानात घ्यावे लागतात.

11.30 भिंगावर दव धरू लागलं. नळीभोवती गरम पट्टा. मृग पश्चिमेकडे कलतोय, तिकडे नवी मुंबईचा उजेड दरवर्षी थोडा वर चढतो. शेजारच्या दोन शेतांवर प्लॉटिंगचे खांब आहेत. काकांचे साठ फोटो झाले. तो थांबवतो. यापुढचे उपयोगाचे नाहीत, तो सांगतो, आणि पैसे ठरलेलेच घेतो.

12.15 पिठलं-भाकरी, एकशे तीस ताट. तिघांचे पैसे तोच देतो.

पहाटे 5.00 गिऱ्हाइकं लोकलला. तो दव पुसून, सगळं मोजून पेटीत भरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी 12.00 मुलीचे ऐंशी फोटो संगणक एकावर एक रचतो. एकाच फोटोत जेवढी खरखर असते, तिचा नववा हिस्सा उरतो. तेजोमेघाचे गुलाबी पंख उघडतात. सुमारे 1,300 वर्षं प्रवास करून आलेला प्रकाश. हिशेब वहीत: आले 3,600. टेम्पो 800, जागा 800, जेवण 390. उरले 1,610. लग्नाच्या दिवसाच्या निम्मेही नाहीत. पण लग्नात कॅमेरा दोन हजार वेळा वाजतो आणि शटर झिजतं. काल तो अडीचशे वेळाही वाजला नाही. हा फायदाही तो वहीत धरतो. मग माघातल्या पुढच्या अमावास्येची तारीख बघतो आणि मुरबाडकडच्या एका शेतमालकाला फोन लावतो. तिथं अजून दिवे कमी आहेत. टेम्पो सातशे मागेल.