हडसनपलीकडचा ग्रस्तास्त
न्यूयॉर्कमधल्या ग्रहणवेड्यांना ८ नोव्हेंबर २०२२च्या पहाटेनं चांगलंच पेचात टाकलं होतं. पंचांग ज्याला ग्रस्तास्त म्हणतं, तोच प्रकार: ग्रहण सुटायच्या आत चंद्र मावळणार. स्पर्श, म्हणजे ग्रहण लागणं, पहाटे ४.०९ला, खग्रास अवस्था ५.१६ ते ६.४१. आणि चंद्रास्त? साधारण ६.४०!

चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो क्षण साऱ्या जगासाठी एकच; सूर्यग्रहणासारखी गावागणिक वेळ बदलत नाही. बदलतं ते क्षितिज. म्हणून अशा ग्रहणात दुर्बिणीआधी जागा शोधावी लागते.

खग्रास लागला तेव्हा चंद्र जेमतेम पंधरा अंशांवर होता, ग्रहणमध्याला त्याच्याही निम्म्यावर आला. एवढ्या उंचीला एक बहुमजली इमारतही त्याला सहज झाकते. नोव्हेंबरात सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो, त्यामुळे त्याच्या समोरचा पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मॅनहॅटनचे आडवे रस्ते साधारण त्याच अंगाला हडसन नदीकडे उतरतात. नदीकाठी उभं राहिलं की समोर पाणी आणि पलीकडे न्यू जर्सीचा किनारा. ब्रुकलिनकरांच्या पश्चिमेला मात्र मॅनहॅटनचेच मनोरे!

पण खरी आडकाठी उजेडाची. खग्रास चंद्र पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा हजारो पटींनी मंद असतो. त्यात क्षितिजालगतची जाड, धुळकट हवा, आणि सूर्योदय ६.३५च्या सुमारास. त्यामुळे तो तांबूस गोळा क्षितिजाला टेकण्याआधीच फटफटीत आभाळात विरून जातो.

कागदावर मात्र त्या शेवटच्या काही मिनिटांत चमत्कार घडतो. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत असूनही सूर्य आणि ग्रासलेला चंद्र दोघंही क्षितिजावर! वातावरणातून येताना प्रकाश वाकतो आणि क्षितिजाजवळची दोन्ही बिंबं सुमारे अर्ध्या अंशानं वर उचलल्यासारखी दिसतात. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनंही या प्रकाराची नोंद केली आहे. गंमत मोठी, पण नुसत्या डोळ्यांच्या पदरात फारसं पडत नाही.

हेच ग्रहण महाराष्ट्रात ग्रस्तोदित होतं, म्हणजे चंद्र ग्रासलेलाच उगवला, तेही कार्तिक पौर्णिमेला. खग्रास आपल्याकडे संध्याकाळी ५.११लाच आटोपला होता. मुंबईत चंद्र उगवला सहाच्या सुमारास आणि मोक्ष (ग्रहण सुटणं) ६.१९ला, म्हणजे उरल्यासुरल्या ग्रहणाची जेमतेम अठरा मिनिटं. नागपुरात चंद्र साडेपाचच्या सुमारासच वर आला, म्हणून तिथल्या वाट्याला पाऊण तास.