चौघांत मिळून एक विमान घेता येतं का? येतं, पण आधी सामाईक विहिरीची पाळी आठवा!

मंडळी, तुमच्याही मोबाईलवर अधूनमधून असं एखादं रील येत असेल. दोन सीटचं छोटंसं विमान, समोर गरगरणारा पंखा, खाली हिरवी शेतं. आणि ते पाठवणारा मित्र लिहितो, “भावा, चौघं मिळून घेऊ. आलटून पालटून उडवू. शिकणंही होईल आणि विमानही आपलं!”

ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण कल्पना अजिबात वेडी नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हजारो लोक असंच उडतात. इंग्लंडच्या नियमांत तर एका विमानाचे २० पर्यंत सहमालक चालतात, फक्त प्रत्येकाचा वाटा निदान ५ टक्के हवा. मग वैजापूरच्या चार मित्रांना हे का जमू नये?

जमेल की नाही हे समजून घ्यायला विमानापासून नको, विहिरीपासून सुरुवात करूया.

वैजापूर तालुक्यात सातबाऱ्यावर सामाईक विहीर असलेली घरं कमी नाहीत. वाटा ठरलेला असतो, कुणाचा चार आणे, कुणाचा आठ आणे. वाट्यावरून भांडण सहसा होत नाही. भांडण होतं पाळीवरून. दिवसाची लाईट असेल तो आठवडा सगळ्यांनाच हवा असतो, रात्रीची पाळी कुणालाच नको असते. आणि मोटार जळली की पहिला प्रश्न येतो, “कुणाच्या पाळीत जळली?”

विमानाचंही शंभर टक्के असंच आहे. विकत घेणं हा सोपा भाग.

मुळात हे विमान असतं कसं?

लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट म्हणजे हौशी उड्डाणासाठीचं हलकं विमान. अमेरिकेने २००४ साली या वर्गाचे नियम केले आणि पुढे जगभरात साधारण तोच साचा वापरला गेला: जास्तीत जास्त दोन सीट, एकच इंजिन आणि उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन ६०० किलोपर्यंत. हा वेग संपला की पंख विमानाला धरून ठेवू शकत नाहीत, असा जो किमान वेग असतो, तो ताशी ८३ किलोमीटरच्या आतच हवा. म्हणजे विमान हळू उडू शकतं, हळू उतरू शकतं, आणि शिकणाऱ्याला विचार करायला थोडा वेळ मिळतो. (अमेरिकेने २०२५ मध्ये हे नियम बरेच सैल केले, पण बाजारातली जुनी विमानं याच साच्यातली आहेत.)

६०० किलो हा आकडा नीट लक्षात ठेवा. समजा रिकामं विमान ३५० किलोचं आहे. उरले २५०. त्यात ८५ किलोची दोन माणसं बसली की ८० किलो शिल्लक, म्हणजे साधारण ११० लिटर पेट्रोल. गावाकडून येताना गव्हाचं पोतं टाकायचा विचार असेल, तर तो सोडा.

यातल्या बहुतेक विमानांत रोटॅक्स ९१२ नावाचं ऑस्ट्रियन इंजिन दिसतं, ८० किंवा १०० अश्वशक्तीचं. आपल्या एनसीसीच्या मुलामुलींना उडवून आणणारी छोटी पिपिस्ट्रेल विमानंही याच कुळातली. भारताने २०१५ मध्ये स्लोव्हेनियाच्या कंपनीकडे अशा १९४ विमानांची ऑर्डर दिली होती. त्यामुळे हे प्रकरण आपल्याकडे अगदीच परकं नाही.

आता पैशांचं गणित

विमानाचा खर्च दोन प्रकारचा असतो, आणि भागीदारीचा सगळा फायदा या दोन प्रकारांतल्या फरकात आहे.

पहिला खर्च विमान उडो न उडो, होतोच: हँगरचं भाडं, विमा, वर्षाची तपासणी, कागदपत्रं. दुसरा उडाल्यावरच होतो: इंधन, तेल, टायर आणि इंजिनाची झीज.

समजायला सोपे जावेत म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. न टळणारा खर्च वर्षाला ६ लाख आणि उड्डाणाचा खर्च तासाला ५ हजार. तुम्ही एकटे मालक आहात आणि वर्षात ५० तास उडालात, तर तासाला १२ हजार अधिक ५ हजार, म्हणजे १७ हजार रुपये पडले. आता चौघं आहात आणि प्रत्येक जण ५० तास उडतो. तेच ६ लाख २०० तासांवर पसरले. तासाला ३ हजार अधिक ५ हजार, झाले ८ हजार. निम्म्याहून कमी!

आता गणितातली मेख बघा. चौघांपैकी दोघांचा उत्साह सहा महिन्यांत मावळला आणि त्यांनी “आम्ही उडतच नाही, तर पैसे कशाला?” म्हणत हात वर केले, तर उरलेल्या दोघांचा तासाचा खर्च ११ हजारांवर जातो. म्हणून ज्या भागीदाऱ्या टिकतात, तिथे न टळणारा खर्च दर महिन्याला सारखा भरायचा असतो, उडा किंवा नका उडू. आणि तासाचा खर्च ज्याचा त्याने, इंजिनाच्या मीटरप्रमाणे द्यायचा.

त्या तासाच्या दरात एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे इंजिनाचा गल्ला. रोटॅक्स ९१२ च्या आताच्या इंजिनांना साधारण २००० तास किंवा १५ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा पूर्ण दुरुस्ती सांगितलेली असते. हा मोठा खर्च ज्याच्या वाट्याच्या काळात आला त्याचा, असं करून कसं चालेल? आधीच्यांनी ते इंजिन वापरलेलंच असतं. म्हणून प्रत्येक उड्डाणागणिक थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. जुन्या विमानात वाटा विकत घेताना “गल्ल्यात किती आहेत?” हा प्रश्न रंगापेक्षा आणि स्क्रीनपेक्षा महत्त्वाचा.

शिकाऊ माणूस भागीदारीत आला की काय होतं?

इथे गाडी खरी अडते. परवाना असलेला माणूस महिन्यातून दोनदा उडाला तरी त्याचं भागतं. शिकणाऱ्याचं तसं नसतं. आठवड्यात दोन-तीन वेळा सराव झाला नाही, तर मागच्या वेळी शिकलेलं निम्मं पुसलं जातं आणि तेच तास पुन्हा विकत घ्यावे लागतात. त्यात शिकणाऱ्याला हवा शांत लागते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारी जमीन तापली की हवेत असे हेलकावे बसतात की हलकं विमान पतंगासारखं नाचतं. शिवाय गरम हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची आणि पंखांची ताकदही कमी पडते. चिकलठाणा विमानतळच समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या आसपास आहे, त्याचीही भर पडते. म्हणजे उन्हाळ्यात उरतात सकाळचे दोन-तीन तास. पावसाळ्यात ढग.

आणि चौघेही शिकाऊ असतील तर चौघांनाही रविवारी सकाळी सातचीच वेळ हवी! दिवसाची लाईट म्हणतात ती हीच.

दुसरी गोष्ट लँडिंगची. शिकणारा माणूस विमान आपटवतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळेच आपटवतात. पण हलक्या विमानाचं पुढचं चाक नाजूक असतं. जोरात बसलेल्या लँडिंगनंतर बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र एखाद्या जोडाला तडा गेलेला असू शकतो. क्लबच्या विमानात हे प्रशिक्षकाला कळतं, तो विमान बाजूला लावतो. चार मित्रांच्या विमानात ते फक्त आपटवणाऱ्याला माहीत असतं. त्याने खर्चाच्या भीतीने किंवा संकोचाने ते सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच मित्र त्या विमानात बसतो.

विहिरीची मोटार जळली तर पीक जातं. इथे माणूस जातो.

म्हणून करारात ‘नुकसान करेल तो भरेल’ असं सरळसोट कलम टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वरवर न्याय्य वाटतं, पण त्याने लोक लपवायला शिकतात. त्याऐवजी विम्यातून न मिळणारी रक्कम सगळ्यांनी वाटून घ्यायची, आणि जो न सांगता निघून जाईल त्याचा वाटा मात्र काढून घ्यायचा. मी उलटा हिशोब म्हणतोय हे कळतंय, पण चूक स्वस्त आणि लपवाछपवी महाग ठेवल्याशिवाय अशा विमानात मी तरी बसणार नाही.

बाकी करारात पाळी कशी लावायची, पेट्रोल भरून ठेवायचं की नाही, वाटा विकायचा झाला तर आधी उरलेल्या मालकांना विचारायचं, कुणाचं निधन झालं तर वारसांना वाटा द्यायचा की पैसे, हे सगळं लिहून घ्यावं. मैत्री कितीही घट्ट असली तरी लिहून घ्यावं. भावकीतले दावे पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

वैजापूरच्या मुलाला मग रस्ता कुठला?

आपल्याकडे एक मोठा फरक आहे. अमेरिकेत तुमच्या मालकीच्या विमानात, तुम्ही ठरवलेल्या प्रशिक्षकाकडून पहिल्या तासापासून शिकता येतं. स्पोर्ट पायलटच्या परवान्याला तिथे किमान २० तास पुरतात. भारतात खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठीचे उड्डाणाचे तास डीजीसीएची मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेतच पूर्ण करायचे असतात. वय किमान १७, शिक्षण दहावी, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, आणि किमान ४० तास, त्यातले २० एकट्याने. म्हणजे चौघांनी विमान आणून शेतातल्या पट्टीवर शिकायचं, हा बेत इथेच संपतो. (समृद्धी महामार्ग वैजापूरजवळून सरळसोट जातो, पण सरळ रस्ता दिसला म्हणून तो धावपट्टी होत नाही!)

पण थांबा. शिकण्याच्या काळात विमान वाटून घ्यायची सोय आपल्याकडे जवळपास शंभर वर्षांपासून आहे. तिचं नाव फ्लाइंग क्लब. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली सुरू झाला. जेआरडी टाटा तिथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला. अनेकांनी मिळून विमानं ठेवायची आणि तासाप्रमाणे पैसे द्यायचे, ही कल्पना म्हणजे सामाईक विहीरच. फक्त इथे मोटारीची काळजी घ्यायला पगारी माणूस असतो.

या क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला गोंदूर विमानतळावर चालतं. वैजापूरहून येवला, मनमाड, मालेगाव करत दीडशे किलोमीटरच्या आसपास. जळगाव आणि बारामतीतही प्रशिक्षण संस्था आहेत. चिकलठाणा आणि शिर्डी जवळ असले तरी तिथे प्रवासी विमानांची ये-जा असते, आणि सरावासाठी शांत धावपट्टी मिळणं हा शिकणाऱ्याचा निम्मा खर्च वाचवणारा भाग आहे.

धुळ्याच्या याच विमानतळाला आणखी एक मराठी कहाणी चिकटली आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात ना? त्यांचं सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि धुळ्यात ते आकाशात गेलं २०२० मध्ये. विमान डोळ्यांसमोर तयार असूनही कागद आणि परवानग्यांना इतकी वर्षं लागली. चौघांत विमान घेणाऱ्यांनी हा काळ हिशोबात धरावा, कारण हँगरचं भाडं परवानगीची वाट बघत नाही.

म्हणजे इथल्यासाठी क्रम साधारण असा: आधी क्लबमध्ये शिकून परवाना मिळवा. तोपर्यंत सोबत उडणारे तिघे-चौघे तुम्हाला माहीत झालेले असतात. कोण लॉगबुक नीट भरतो, कोण उड्डाणाआधीची तपासणी उरकून टाकतो, कोण वाऱ्याचा अंदाज न घेता निघतो, हे दिसलेलं असतं. भागीदार तिथून निवडा, बारशाला भेटलेल्या मित्रांतून नको. भागीदारीत एखादाच नवशिका असेल तर चालतं, बाकीचे अनुभवी हवेत.

आणि हो, पैसे वसूल करायला लग्नात वर-वधूवर विमानातून फुलं टाकायची आणि भाडं घ्यायचं, असा विचार मनात आला असेल तर खासगी परवान्यावर मोबदला घेऊन उडता येत नाही.

तुमचा भाऊ किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर?

तिथे शिकतानाच वाटा घेणं खरोखर फायद्याचं ठरू शकतं. स्वतःचं विमान स्वतःच्या शिक्षणासाठी वापरलं आणि प्रशिक्षक वेगळा लावला, तर भाड्याच्या विमानांना लागणारी दर १०० तासांची सक्तीची तपासणी लागत नाही, वर्षाची पुरते. पण दोन अडथळे आहेत. अमेरिकेत विमान स्वतःच्या नावावर करायला तिथलं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, नुसत्या नोकरीच्या व्हिसावर ते थेट होत नाही. आणि परदेशी नागरिकाला उड्डाण शिकण्याआधी तिथल्या सुरक्षा यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते. शिवाय शिकाऊ माणसाचं नाव विम्यात घातलं की हप्ता वाढतो. तो वाढीव हप्ता कोण भरणार, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

वाटा घ्यायचं ठरलंच, तर त्या बैठकीला जाताना एक काम करा. विमान बघायच्या आधी त्याची इंजिनाची आणि सांगाड्याची लॉगबुकं मागा आणि मागच्या दोन वर्षांत ते महिन्याला किती तास उडालं ते मोजा. महिनोनमहिने उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं. आणि सहमालक असूनही विमान उभंच राहत असेल, तर ते का उभं राहतं, हे वाटा विकणाऱ्याला नाही, उरलेल्या मालकांना एकेकटं गाठून विचारा.