एल प्रेसिदेंते (पिस्तूल सराव)

एल प्रेसिदेंते हा पिस्तूल हाताळण्याचे कौशल्य पारखणारा नेमबाजीचा एक प्रमाणित सराव आहे. अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी तो १९७० च्या दशकात रूढ केला. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘राष्ट्राध्यक्ष’ असा होतो. मागे वळणे, होल्स्टरमधून पिस्तूल काढणे, अनेक लक्ष्यांवर नेम धरणे आणि मॅगझिन बदलणे या क्रिया येथे सलगपणे तपासल्या जातात.

पार्श्वभूमी

कूपर हे अमेरिकेच्या मरीन कोअरमधील माजी अधिकारी होते. १९७६ मध्ये त्यांनी ॲरिझोना राज्यात पॉल्डनजवळ अमेरिकन पिस्टल इन्स्टिट्यूट ही प्रशिक्षणसंस्था स्थापन केली. ती पुढे गनसाइट या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘आयपीएससी’ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे ते पहिले अध्यक्ष होते. अचूकता, शक्ती आणि वेग यांचा समतोल हे या महासंघाचे तत्त्व आहे.

स्वरूप

सुमारे १० मीटर अंतरावर तीन लक्ष्ये एका ओळीत, एकमेकांपासून सुमारे १ मीटरवर उभी केली जातात. नेमबाज लक्ष्यांकडे पाठ करून उभा राहतो. इशारा होताच तो वळतो, पिस्तूल काढतो, प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या झाडतो, शस्त्र पुन्हा भरतो आणि प्रत्येक लक्ष्यावर आणखी दोन गोळ्या झाडतो. एकूण १२ गोळ्यांसाठी १० सेकंद ही मूळ कालमर्यादा मानली जाते. सहा गोळ्यांच्या विभागणीमुळे सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हरही या सरावात वापरता येते. पिस्तुलात काडतुसे शिल्लक असली, तरी मॅगझिन बदलणे अनिवार्य असते.

तंत्र

पिस्तूल काढताना मुठीवरील पकड होल्स्टरमध्येच पक्की केली जाते, कारण नंतर ती सुधारण्यात वेळ जातो. दुसरा हात छातीशी ठेवल्याने तो नळीसमोर येत नाही. शस्त्र वर येऊन लक्ष्याकडे वळल्यावर दोन्ही हात एकत्र येतात आणि ते डोळ्यांच्या रेषेत पुढे नेले जाते.

मॅगझिन बदलताना पिस्तूल चेहऱ्यासमोर जवळ घेतले जाते. नवे मॅगझिन धरताना तर्जनी त्याच्या पुढील कडेवर ठेवतात, त्यामुळे ते खाचेत नेमके बसवता येते. घाईत मॅगझिन अर्धवट बसल्यास पुढचे काडतूस नळीत चढत नाही. म्हणून तळहाताने ते शेवटपर्यंत दाबले जाते.

सुरक्षितता

पूर्ण वळल्यानंतरच शस्त्र काढणे हा या सरावाचा महत्त्वाचा नियम आहे; अन्यथा वळताना नळीचे तोंड प्रेक्षकांकडे किंवा सहकाऱ्यांकडे जाऊ शकते. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवले जाते. नवशिके प्रथम रिकाम्या शस्त्राने संथ सराव करतात. त्या वेळी शस्त्र रिकामे असल्याची पुन्हा खात्री करून काडतुसे खोलीबाहेर ठेवली जातात.

मर्यादा

लक्ष्ये स्थिर असतात, त्यांची संख्या आणि क्रम आधीच ठाऊक असतो आणि आडोशाचा वापर नसतो. त्यामुळे हा सराव हाताळणीचे मोजमाप करतो, प्रत्यक्ष संघर्षाची प्रतिकृती ठरत नाही. गोळी झाडणे आवश्यक आणि कायदेशीर आहे का, हा स्वसंरक्षणातील निर्णायक प्रश्न त्यात येतच नाही. कूपर यांच्या शिकवणीतही नेमबाजी आणि शस्त्रहाताळणी यांच्या जोडीला मनोवृत्ती हा तिसरा आवश्यक घटक मानला गेला आहे.